सामायिक लहरपट्टा आणि शेतातील बिनतारी सेन्सर

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर हे गाव वसलेले आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले व सुमारे ११७ टीएमसी साठवणक्षमतेचा यशवंतसागर जलाशय निर्माण झाला. त्यानंतर या परिसराच्या शेतीचे रूप पालटले. जलाशयाच्या काठावर मोटार, तेथून शेतापर्यंत जलवाहिनी आणि शेतात ऊस वा केळी हे चित्र आता येथे सर्वपरिचित झाले आहे. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी मागे हटू लागले म्हणजे मोटार, केबल व पाइप पाण्याच्या मागोमाग पुढे न्यावे लागतात. अशा वेळी मोटार एकीकडे, शेत दुसरीकडे व शेतकऱ्याचे घर तिसरीकडे अशी स्थिती होते.

जमिनीतील ओलावा मोजून तो घरबसल्या कळविणारे आणि गरजेप्रमाणे मोटार किंवा ठिबकचा व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे बिनतारी सेन्सर अशा ठिकाणी अत्यंत उपयुक्त ठरू शकतात. बारामती येथील अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रक्षेत्रावर उसासाठी जमिनीतील सेन्सर, हवामान केंद्र व उपग्रहाची चित्रे यांची सांगड घालण्याचे काम अलीकडे झाले असून त्याची माहिती पुष्कळ शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली आहे. तथापि, या साधनांचा संदेश ज्या मार्गाने जातो तो मार्ग कोणाच्याही एकट्याच्या मालकीचा नाही, ही गोष्ट खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते. घड पोसण्याच्या अवस्थेत केळीला चार दिवस पाणी मिळाले नाही, अथवा पाणी नसताना मोटार रात्रभर कोरडी फिरली, तर होणारे नुकसान शेतकऱ्यालाच सोसावे लागते. यास्तव हा मार्ग कितपत भरवशाचा व कितपत सुरक्षित आहे याचा विचार आधी करावयास हवा.

लहरपट्टा कोणाचा ?

आकाशवाणी, मोबाइल, पोलिसांचे बिनतारी संच, रेल्वेची संदेशयंत्रणा ही सर्व रेडिओलहरींवर चालतात. एकाच लहरीवर दोघांनी एकाच ठिकाणी बोलू नये म्हणून शासनाने या लहरींचे निरनिराळे पट्टे पाडून दिले आहेत. मोबाइल कंपन्या आपल्या पट्ट्यासाठी शासनास मोठी रक्कम देतात व त्या पट्ट्याचा वापर त्यांच्यापुरता राखीव असतो. शेतातील सेन्सरसाठी असा स्वतंत्र पट्टा घेणे कोणालाही परवडणार नाही. म्हणून काही पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय मोकळे ठेवलेले आहेत. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली असा मोकळा करण्यात आला आणि २०२१ मध्ये त्याची मर्यादा ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यात आली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही २००५ पासून मोकळा असून वाय-फाय व ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतात.

गावच्या गायरानाची उपमा येथे चपखल बसते. गायरानात कोणीही आपले जनावर चारावे, परंतु दुसऱ्याचे जनावर आले म्हणून कोणी तक्रार करू शकत नाही. मोकळ्या पट्ट्याविषयीच्या नियमांत तीन अटी स्पष्ट आहेत. तुमच्या उपकरणाने दुसऱ्यास व्यत्यय आणू नये. दुसऱ्याच्या उपकरणाने तुम्हास व्यत्यय आल्यास संरक्षण मागता येणार नाही. आणि पट्टा सर्वांनी वाटून वापरावयाचा आहे. यांपैकी दुसरी अट शेतकऱ्याने नीट समजून घ्यावी. शेजारच्या वस्तीवर उद्या आणखी शंभर सेन्सर बसले व आपले संदेश अडखळू लागले, तर त्याविरुद्ध दाद मागण्यास जागा नाही. म्हणजेच भरवसा कायद्याने मिळत नाही. तो यंत्रणेच्या मांडणीतूनच मिळवावा लागतो.

दोघे एकदम बोलले तर

सर्वांनी वाटून घेतलेल्या लहरीवर संदेश कसे पाठवावेत हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली 'अलोहा' नावाची बिनतारी यंत्रणा सुरू केली. निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे एकाच लहरीवर मध्यवर्ती संगणकास संदेश पाठवीत. ज्याला सांगावयाचे असेल त्याने बोलावे, दोघांचे संदेश एकमेकांवर आदळून नष्ट झाले तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, असा साधा नियम होता. या पद्धतीत लहरीचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो, असे गणिताने सिद्ध झाले. पुढे प्रत्येक संदेशाने ठरावीक क्षणीच सुरुवात करावी असे बंधन घालताच हे प्रमाण दुप्पट, म्हणजे सुमारे ३७ टक्के झाले. कालव्याच्या पाण्याची शेजपाळी ठरवून दिली म्हणजे तेच पाणी अधिक रानांना पुरते, त्यातलाच हा प्रकार होय.

आज शेतीत पुष्कळ वापरली जाणारी 'लोरावॅन' ही पद्धत बव्हंशी याच जुन्या नियमाने चालते. सेन्सर आपल्या वेळी संदेश सोडतो; शेतातील अथवा गावातील उंच जागी बसविलेले 'गेटवे' नावाचे यंत्र तो पकडते व पुढे इंटरनेटवर धाडते. लांबच्या अंतरासाठी संदेश अतिशय संथ गतीने पाठवावा लागतो. दहाबारा अक्षरांएवढा लहान संदेश सर्वांत संथ गतीने पाठविण्यास सुमारे दीड सेकंद लागतो, तर सर्वांत जलद गतीने तो सेकंदाच्या सुमारे सतराव्या भागात जातो. संथ संदेश दूर पोहोचतो, परंतु तितका अधिक वेळ तो सर्वांची लहर अडवून धरतो.

एक हिशेब पाहू. समजा एका गेटवेच्या टप्प्यात १०० सेन्सर आहेत, सर्व संथ गतीने व एकाच वाहिनीवर बोलतात, आणि प्रत्येकजण दर १० मिनिटांनी दीड सेकंदाचा संदेश पाठवितो. अशा वेळी दर १०० संदेशांपैकी सुमारे ६१ सुखरूप पोहोचतील व उरलेले आपसांत आदळून नष्ट होतील. तेच सेन्सर तीन वाहिन्यांवर विभागून बोलू लागले तर सुमारे ८५ पोहोचतील. वाहिनी एकच ठेवून दर १० मिनिटांऐवजी तासातून एकदाच संदेश पाठविला तर सुमारे ९२, आणि तीन वाहिन्या व तासाची पाळी अशा दोन्ही गोष्टी केल्या तर सुमारे ९७ संदेश पोहोचतील. जमिनीतील ओलावा मिनिटामिनिटाला बदलत नाही. भारी काळ्या जमिनीत तर तो फारच सावकाश उतरतो. म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी आकडा दाखविणारे यंत्र अधिक चांगले, हा समज चुकीचा आहे. त्याने बॅटरी लवकर संपते आणि शेजाऱ्याच्या संदेशासही अडथळा होतो.

पिकाची उंची व लहरींची वाट

पानांत पाणी असते आणि पाणी रेडिओलहरींना अडविते. रोपे लहान असताना उत्तम चालणारी यंत्रणा पीक वाढल्यावर मुकी होते, याचे हे एक प्रमुख कारण आहे. पूर्ण वाढलेला ऊस अथवा केळीची दाट बाग ही लहरींच्या दृष्टीने ओल्या भिंतीसारखी असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर हा परिणाम अधिक होतो, ८६५ मेगाहर्ट्झच्या लहरींवर त्या मानाने कमी होतो. यास्तव सेन्सर जमिनीत असला तरी त्याचा अँटेना पिकाच्या पूर्ण वाढीच्या उंचीपेक्षा वर राहील असा खांब लागवडीच्या वेळीच उभा करावा. अंतराची चाचणी मात्र पीक पूर्ण वाढल्यावर पुन्हा घ्यावी.

या बाबतीत नेदरलँड्स देशातील एक अनुभव बोधप्रद आहे. तेथे बटाट्यावरील करपा रोगाचा अंदाज आधी यावा म्हणून शेतात शंभराहून अधिक बिनतारी सेन्सर मांडण्यात आले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात संशोधकांनी प्रांजळपणे नमूद केले की, अपेक्षित माहितीपैकी केवळ २ टक्के हाती आली. निरनिराळ्या आज्ञावल्या एकमेकींशी न जुळणे, पूर्वचाचणी अपुरी असणे व बॅटऱ्या फार लवकर संपणे या साध्या कारणांनी हे घडले. तज्ज्ञांच्या हाती असे होऊ शकते, तर विक्रेत्याच्या एका दिवसाच्या प्रात्यक्षिकावर विसंबून राहणे योग्य होणार नाही, हे उघड आहे.

रिकाम्या वाहिन्या आणि मालकाचे सोंग

मोकळ्या पट्ट्याखेरीज वाटून घेण्याचा आणखी एक मार्ग आहे. एखादा पट्टा एका मालकास दिलेला असतो, पण पुष्कळ गावांत तो वापरलाच जात नाही. पड जमीन दुसऱ्याने हंगामापुरती कसावी व मालक येताच ती सोडावी, तसे या पट्ट्यांचे करता येते. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील १५ वाहिन्यांपैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या असल्याचे दाखवून दिले. आजच्या पालघर जिल्ह्यातील खामलोली गावाच्या परिसरात त्यांनी या रिकाम्या लहरींवर खेड्यांना इंटरनेट पोहोचविण्याचा प्रयोगही केला. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'फार्मबीट्स' या प्रकल्पात अशाच लहरींवरून शेतातील सेन्सरची माहिती शेतकऱ्याच्या घरापर्यंत आणली व तिचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध केला. या लहरी झाडाझुडपांतून व दूरवर चांगल्या जातात, हा त्यांचा विशेष होय.

मात्र या पद्धतीत दोन धोके संभवतात. पहिला नैसर्गिक आहे. वाहिनी रिकामी आहे की नाही हे यंत्र कान देऊन ठरविते. पण ते टेकडीआड किंवा दाट पिकात असेल तर मालकाचा आवाज त्याला ऐकू येत नाही, व ते भरल्या वाहिनीला रिकामी समजून बोलू लागते. दुसरा धोका कपटाचा आहे. एखाद्याने मालकाच्या प्रक्षेपणाची नक्कल केली, तर बाकीची सर्व यंत्रे आदराने वाहिनी सोडून देतात व तो एकटा ती बळकावतो. यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांनी एकमेकांचे ऐकून निर्णय घ्यावा असे ठरविले, तरी त्यांतील एखादे बिघडलेले वा फितूर यंत्र खोटी साक्ष देऊ शकते. म्हणून एका साक्षीवर विसंबू नये, अनेकांच्या साक्षी ताडून पहाव्यात आणि नोंदवहीतील अधिकृत माहितीशी त्या जुळवाव्यात, हे तत्त्व पुढे आले.

हेच तत्त्व शेतकऱ्यास आपल्या रानात विनाखर्च नसले तरी अल्पखर्चाने वापरता येते. एका प्लॉटमध्ये एकच सेन्सर न ठेवता तीन ठेवावेत व तीन आकड्यांपैकी मधला आकडा ग्राह्य धरावा. एक सेन्सर बिघडला, उंदराने वायर कुरतडली किंवा कोणी खोटा आकडा घुसडला, तरी मधला आकडा सहसा फसवीत नाही. सरासरी काढू नये. एक भलताच आकडा सरासरीस बिघडवून टाकतो.

संदेश खरा कशावरून ?

ऑस्ट्रेलियातील मरूची या भागात २००० साली घडलेली घटना पंपधारकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. तेथे सांडपाण्याचे पंप बिनतारी आज्ञांनी चालत असत. ही यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या एका माणसाला स्थानिक परिषदेने नोकरी नाकारली. त्याने मोटारगाडीत रेडिओ व संगणक ठेवून पंपांना खोट्या आज्ञा पाठविल्या. पंप आज्ञा मानीत राहिले, कारण आज्ञा कोणाकडून आली हे पडताळण्याची सोयच नव्हती. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी उद्यानांत व नदीत सांडले. पुढे त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, परंतु झालेले नुकसान त्याने भरून निघाले नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रत्येक संदेशावर ओळखीची मोहोर असली पाहिजे. लोरावॅन पद्धतीत प्रत्येक यंत्राला १२८ अंशांची गुप्त किल्ली असते. अशा किल्ल्यांची शक्य संख्या ३९ अंकी असल्याने ती अंदाजाने शोधणे अशक्यप्राय आहे. पण विक्रेत्याने सर्व गिऱ्हाइकांच्या यंत्रांत एकच किल्ली घातली असेल, तर या कुलपाला काही अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राची किल्ली निराळी आहे ना, हे लेखी विचारून घ्यावे. विक्रेता, मेकॅनिक वा गडी बदलल्यावर किल्ल्या व संकेतांक बदलून घ्यावेत.

दुसरी गोष्ट, जुना संदेश नवा म्हणून खपता कामा नये. 'मोटार चालू कर' हा खरा संदेश कोणी टिपून ठेवला व महिन्याने तसाच पुन्हा सोडला, तर मोहोर खरीच दिसेल. यासाठी प्रत्येक संदेशाला वाढता अनुक्रमांक दिलेला असतो, आणि मागचा क्रमांक आल्यास संदेश नाकारला जातो. काही यंत्रांत बॅटरी बदलताच हा क्रमांक पुन्हा शून्यावर येतो व संदेश नाकारले जाऊ लागतात. अशा वेळी सोय म्हणून क्रमांकाची तपासणीच बंद करण्याचा सल्ला दिला जातो. तो मुळीच मानू नये. यंत्र नव्याने नोंदवून घ्यावे.

मोबाइलवर चालणारे ऑटो स्टार्टर वापरणाऱ्यांनीही सावध असावे. फोन करणाऱ्याच्या क्रमांकाचे सोंग घेता येते. म्हणून केवळ क्रमांक ओळखून मोटार चालू होऊ देऊ नये, गुप्त संकेतांकही ठेवावा. घरी मोबाइलची रेंज येत नाही म्हणून परवानगीवाचून 'बूस्टर' बसविणे अथवा जॅमर बाळगणे बेकायदेशीर आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये याविषयी जाहीर सूचना दिली आहे. अशा उपकरणामुळे आसपासच्या सर्वांच्या संदेशांत बिघाड होतो.

मौनाचा अर्थ

किल्ली कितीही भक्कम असली तरी लहरच गोंगाटाने भरून टाकली तर संदेश पोहोचत नाही. हे कोणी जाणूनबुजून करो वा खराब स्टार्टरच्या ठिणग्यांनी घडो, शेतकऱ्याच्या हाती येते ते मौनच. म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, संदेश न येणे म्हणजे 'सर्व ठीक आहे' असे कधीही समजू नये. पडद्यावर कालचाच आकडा दिसत राहतो व शेतकरी निश्चिंत राहतो, हा खरा धोका आहे. प्रत्येक आकड्याशेजारी तो केव्हा आला ती वेळ दिसली पाहिजे, आणि लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या तर यंत्रणेने इशारा दिला पाहिजे. तसेच मोटारीचे अंतिम संरक्षण बिनतारी संदेशावर सोपवू नये. कोरडी मोटार बंद करणारे उपकरण, फेज तपासणारे साधन व ठरावीक तासांनंतर आपोआप बंद करणारा टायमर ही तिन्ही स्टार्टरच्या पेटीतच असावीत, म्हणजे लहर असो वा नसो, मोटार सुरक्षित राहील.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात सेन्सरची योजना येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढील बाबी तपासून शेतकऱ्यांस मार्गदर्शन करावे.

१. उपकरणास दूरसंचार विभागाची मान्यता आहे व ते भारतात मोकळ्या असलेल्या पट्ट्यातच चालते, याची खात्री करावी. परदेशातील पट्ट्यावर चालणारे स्वस्त यंत्र घेऊ नये.

२. परिसरातील सर्व सेन्सरधारकांची एकत्र बैठक घ्यावी. कोणाचे किती सेन्सर, कोणत्या गेटवेवर, किती वेळाने बोलतात याची यादी करावी व ओलाव्यासाठी तासाची पाळी पुरेशी मानावी. शक्य तेथे सर्वांनी मिळून एकच गेटवे उंच जागी बसवावा.

३. पैसे पूर्ण देण्याआधी पंधरा दिवसांची चाचणी मागावी. पाठविलेल्या व पोहोचलेल्या संदेशांची संख्या रोज वहीत मांडावी. शंभरापैकी नव्वदांहून कमी पोहोचत असतील तर अँटेनाची उंची, वाहिन्या व पाळी तपासावी.

४. आठवड्यातून एकदा गिरमिटाने मुळाच्या खोलीवरील माती काढून हाताने ओल पहावी व सेन्सरच्या आकड्याशी ताडावी.

५. सेन्सर बंद पडल्यास पाणी केव्हा व किती द्यावयाचे, याचे साधे वेळापत्रक लिहून स्टार्टरच्या पेटीत चिकटवावे, म्हणजे घरातील कोणासही ते पाळता येईल.

६. व्यत्यय वारंवार व ठरावीक वेळीच येत असेल तर तारीख, वेळ व ठिकाण यांची नोंद ठेवावी. बेकायदेशीर बूस्टर वा जॅमरचा संशय असल्यास ती नोंद दूरसंचार विभागाकडे पाठवावी.

जलाशयाचे पाणी जसे अनेक गावांनी वाटून घ्यावयाचे आहे, तसाच हा लहरपट्टाही वाटून घ्यावयाचा आहे. जेऊर परिसरातील बागायतदारांना पाळीचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. थोडके बोलणे, मोहोर पाहून विश्वास ठेवणे आणि मौन पडताच स्वतः बांधावर जाऊन पाहणे, या तीन सवयी ज्या गावात रुजतील तेथे हे नवे साधन शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगी पडेल.